यूलच्या विधीसाठी लोकरीचा झगा विणत आहे. तो लोंबू नये म्हणून काय करावे?

नमस्कार. मी इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात राहते. माझी शेजारीण पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातील निसर्गपूजेवर आधारलेली, परंपरा पाळते, आणि हिवाळ्यातील अयनदिनी, म्हणजे २१ डिसेंबरच्या सुमारास, एव्हबरीच्या प्राचीन शिळावर्तुळात पहाटे होणाऱ्या यूलच्या विधीसाठी तिला घोट्यापर्यंत पोहोचणारा, टोपडे असलेला झगा हवा आहे. आपल्याकडची तान्ह्या बाळाची कुंची मोठ्या माणसाच्या मापाने विणावी, तसे त्याचे रूप आहे. पेगन लोकांत वेशाचा एकच ठरलेला नियम नाही; कोणी पांढरा झगा घालतात, कोणी रोजचेच कपडे. तिचा आग्रह मात्र स्पष्ट आहे: लोकर शुद्ध असावी, न रंगवलेली असावी, आणि झगा हातानेच विणलेला असावा. माझी आजी सोवळ्यात धाबळी नेसत असे, त्यामुळे पूजेच्या वस्त्राबद्दलचा हा आग्रह मला मुळीच परका वाटला नाही.

वेल्समधील काळ्या डोंगरी मेंढीची, मुळातच काळपट असलेली लोकर आम्ही निवडली. विधीत मेणबत्त्या आणि शेकोटी असते. लोकर सहजी पेट घेत नाही, तर ॲक्रिलिक वितळून अंगाला चिकटते, म्हणून मिश्र धाग्याचा विचारही केला नाही. बाह्यांऐवजी हात बाहेर काढण्यापुरत्या दोन फटी ठेवणार आहे.

अडचण वजनाची आहे. मी गळ्यापासून खाली, अर्धवर्तुळाकार, टाके वाढवत, ५ मिमीच्या गोल सुईवर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असे विणत आहे. नमुन्यात १० सेंमीमध्ये १८ टाके आणि २४ ओळी बसतात. तोच नमुना धुऊन, खालच्या कडेला वजन लावून दोन रात्री टांगून ठेवला, तेव्हा त्या २४ ओळींनी ११ सेंमी जागा घेतली. या हिशेबाने १२० सेंमीचा झगा १३२ सेंमीचा होईल आणि दवाने भिजलेल्या गवतावर लोळेल. आतापर्यंत ४० सेंमी विणून झाले असून त्याचे वजन १८० ग्रॅम आहे. घेर वाढत जात असल्याने टोपड्यासह पूर्ण झगा सुमारे १.३ किलोचा होईल, आणि तो सगळा भार खांद्यांवर येईल.

मला तीन मार्ग दिसतात. ताण गृहीत धरून एकूण लांबी कमी ठेवावी. खांद्यांच्या भागाला आतून लिननचे अस्तर शिवावे. किंवा सगळे उसवून वेगवेगळे पट्टे विणावेत आणि जोडावेत, कारण उभी शिवण विणीला आधार देते. तिसरा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, पण त्यातच मन अडते. प्रत्येक ओळ सुरू करताना मी शेजारणीने सांगितलेली प्रार्थना मनात म्हणत आले आहे, आणि अशा ९६ ओळी उसवायला हात धजत नाही. तिला विचारले, तेव्हा तिने निर्णय माझ्यावर सोपवला.

ज्यांनी जड, लांब वस्त्र विणले आहे त्यांनी कृपया सांगावे: केवळ खांद्यांच्या अस्तराने एवढे वजन पेलते का, की गळपट्टीच्या मागे न ताणणारी फीतही शिवावी लागते? आणि अस्तर लावायचे झाल्यास ते झगा धुऊन, टांगून, पूर्ण ताणला गेल्यावर लावावे की आधीच?