ऑफर ४२ लाखांची, हातात किती?

प्रश्न: मी इंदूरचा, घर रामबागेत. बंगळुरूच्या एका मोठ्या टेक कंपनीची ऑफर आलीय: फिक्स २४ लाख, जॉइनिंग बोनस ४, आणि १४ लाखांचे शेअर्स चार वर्षांत मिळून. आई सराफ्यात बांगडीच्या मजुरीवरून तासभर घासाघीस करते, आणि मला एचआरला "थोडं वाढवा" म्हणताना घाम फुटतो. ऑफर परत घेतील का?

उत्तर १: सभ्यपणे विचारलंस तर सहसा नाही. आधी बेरीज कर बाबा. शेअर्स समान वाटले तर वर्षाला साडेतीन. म्हणजे पहिल्या वर्षी साडेएकतीस, पुढे साडेसत्तावीस. बेचाळीस कुठेच नाही! फिक्स हलत नसेल तर शेअर्स वाढवून माग. आकडा घालून, मेलवर.

उत्तर २: मी अकराव्या महिन्यात सोडलं. बोनस परत भरला, शेअर्स शून्य, कारण पहिला हप्ता वर्ष भरल्यावर होता. त्या अटी वाच. आणि शेअर्स खात्यात आले की त्या दिवशीच्या भावाने पगारात धरून कर लागतो.

प्रश्नकर्ता: दादा, ताई, आभार. मेल टाकली. फिक्स तेच, शेअर्स १४ चे २०. आई म्हणते, "लगेच हो म्हणालास ना?"