किमान वेतन बुडवणाऱ्यांवरील कारवाईसाठी कामगाराच्या तक्रारीची वाट का पाहावी?

मूळ मुद्दा
१९४८ च्या कायद्यात किमान वेतन बुडवणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या वेतन संहितेत पहिल्या गुन्ह्याचा दंड ५०,००० रुपयांपर्यंत गेला आहे आणि दावा करण्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षे झाली आहे. हे स्वागतार्हच आहे; परंतु पैसे बुडतात कसे, हे पाहिले की नुसता दंड अपुरा वाटतो. कंत्राटी सफाई कामगाराच्या खात्यात पूर्ण वेतन जमा होते आणि दुसऱ्या दिवशी मुकादम त्यातले काही हजार रोखीने परत घेतो. काही ठिकाणी तर एटीएम कार्डच ठेकेदाराकडे असते. हजेरीपत्रक, पगारपत्रक, बँकेचा उतारा, सारे चोख. ज्याची उद्याची हजेरी त्याच मुकादमाच्या हाती आहे, त्याने तक्रार करावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. निरीक्षकाने न कळवता कामाच्या जागी जावे आणि ठेकेदाराला बाजूला ठेवून कामगारांशी बोलावे.

प्रतिसाद : एक लघुउद्योजक
मला हे मान्य नाही. अचानक भेटींचा काळ आम्ही पाहिला आहे. त्यातून कामगाराला काही मिळाले नाही, हप्ते मात्र सुरू झाले. तपासणीसाठी आस्थापनांची निवड संगणकाने करण्याची तरतूद त्याचसाठी आली. शिवाय महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, पण आमच्याकडून माल घेणारी मोठी कंपनी वर्षभर दर वाढवत नाही आणि बिलही महिनोन्महिने अडवते. तिला कोणी जाब विचारत नाही. नोटीस येते ती आम्हाला.

मूळ लेखकाचे उत्तर
हप्त्यांची तक्रार खरी आहे, पण त्यावरचा उपाय तपासणी थांबवणे हा नव्हे. आणि दर परवडत नाही, ही सबब चालू शकत नाही. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच स्पष्ट केले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे.

प्रतिसाद : कामगारांचे दावे चालवणारा एक वकील
दोघेही दंडावर आणि तपासणीवर अडकला आहात. दंड सरकारी तिजोरीत जातो. कामगाराला हवी असते ती बुडालेली रक्कम. ती दाव्यातून मिळते, तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. माझा अनुभव असा की आदेश होतो, तोवर ठेकेदार नाव बदलून दुसऱ्या निविदेत उतरलेला असतो. म्हणून वसुली थेट मुख्य मालकाकडून, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्याकडून झाली पाहिजे, मग ती महानगरपालिका का असेना. कारण किमान वेतनही निघणार नाही अशा दराची निविदा ती डोळे उघडे ठेवून मंजूर करते.

प्रतिसाद : तोच लघुउद्योजक
निविदेच्या दराबाबत मी आपल्याशी सहमत आहे. अचानक भेटींना माझा विरोध कायम आहे.