हवेतला कार्बन काढायच्या धंद्यात आपल्या एमआयडीसीला काही मिळेल का?

रबाळेचा_फॅब्रिकेटर: रबाळ्याला आमचं छोटं युनिट आहे. एसएसच्या टाक्या, डक्टिंग, हीट एक्स्चेंजर. तेरा माणसं. ऑर्डर असली तर जेवायला उसंत नाही, नसली तर दुपारचा चहा तीनदा होतो. परवा मुलीने आइसलँडच्या 'मॅमथ' प्लँटचा व्हिडिओ दाखवला. ती हवेतून कार्बन कसा ओढतात ते समजावत होती, मी वेल्डिंग बघत बसलो. पंखे, डक्ट, व्हेसल, पाइप! आपल्याला जमणार नाही असं बाहेरून तरी काही दिसलं नाही. अमेरिकेने 2021 च्या कायद्यात असल्या प्लँटच्या हबसाठी (केंद्रांसाठी) साडेतीन अब्ज डॉलर ठेवले, पहिली निवड टेक्सास-लुइझियानाची. तिथे तेल-केमिकलमुळे फिटर-वेल्डर आधीच तयार. मग ठाणे-बेलापूर पट्टा काय वाईट?

प्रोसेसवाला: शेठ, कार्बन धरणारा फिल्टर भरला की तो सोडवायला फिल्टर साधारण 100 अंशांपर्यंत तापवावा लागतो. आइसलँडला जमिनीतली वाफ आहे, आपल्या ग्रिडची बरीचशी वीज अजून कोळशाची. एका हाताने सांडायचं, दुसऱ्याने पुसायचं. प्लँट इथे उभा राहील ही आशा सोडा. बाहेरच्या प्लँटला व्हेसल मात्र देता येतील, पण एएसएमईचा स्टॅम्प, म्हणजे दाबाच्या टाक्यांसाठीचं अमेरिकन प्रमाणपत्र, आहे का तुमच्याकडे?

पनवेल_खडी: सगळे स्टीलवर अडलेत, दगडाकडे कोणी बघेना. आइसलँडवालेसुद्धा हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून शेवटी बेसॉल्टमध्येच मुरवतात. म्हणजे आपलाच काळा दगड. तो बारीक दळून शेतात टाकला की पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी मिळून बायकार्बोनेट होतो, म्हणजे हवेतला कार्बन त्यात अडकतो. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हेच करणाऱ्या 'माटी कार्बन'ला एप्रिल 2025 मध्ये कार्बन काढण्याच्या स्पर्धेतलं पाच कोटी डॉलरचं 'एक्सप्राइझ' बक्षीस मिळालं. फक्त गाडीभाडं बघा. पनवेलहून दगडाची डस्ट मराठवाड्यात नेली तर डिझेलच सगळं खाऊन टाकेल. दळण शेताजवळच्या क्रशरवर हवं. म्हणजे काम तिकडच्या पोरांना: क्रशर, ट्रॅक्टर, मातीचे नमुने, लॅब. मुंबईला थोडंच.

रबाळेचा_फॅब्रिकेटर: स्टॅम्प नाही. पण क्रशरला हॉपर, सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुकटी वेगळी करणारं), डस्ट कलेक्टर लागणारच ना? ते आम्ही करतो. पैसे कोण देतं?

प्रोसेसवाला: कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेतून काढलेल्या कार्बनचा दाखला, विकत घेणाऱ्या कंपन्या. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मायक्रोसॉफ्ट. पण किती कार्बन खरंच गेला हे मोजून झाल्यावर बरेचसे पैसे सुटतात. ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय पत्रा कापू नका.

रबाळेचा_फॅब्रिकेटर: खडीवाले दादा, किती बारीक दळतात ते विचारून सांगा. सायक्लोनचं जुनं ड्रॉइंग आहे, शोधून ठेवतो.