अनुभव धागा: निवृत्तीनंतर दोघंच, घर मागे जोडून

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेय. आपल्यातले कितीतरी जण आता साठीच्या पुढे गेलेत, मुलं पांगलीत, आणि कुठेही गणपतीला-संक्रांतीला भेट झाली की कोणीतरी विचारतंच, तुम्ही आरव्हीने, म्हणजे ह्या चाकांवरच्या घराने, फिरता म्हणजे नक्की करता काय, राहता कुठे, जेवता काय, एवढ्याशा जागेत दोघांचं पटतं का. तर ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. मोटरहोम असो, मागे ओढायचा ट्रेलर असो, नुसता तंबू आणि सायकली असोत. प्रेक्षणीय स्थळं सगळ्यांना माहीत असतात, रोजचं लिहा, तेच कामाला येतं.

सुरुवात मी करते. आम्ही ओहायोत. हे निवृत्त झाले आणि आम्ही २४ फुटी ट्रेलर आणि तो ओढायला पिकअप घेतला. मला पहिल्या दिवसापासून त्यात एकच गोष्ट पटली होती आणि आजही तीच सगळ्यात मोठी वाटते, की मुलांकडे जाताना आपलं घर आपल्याबरोबर असतं. मुलगा टेक्सासात, ऑस्टिन शहराच्या उत्तरेला राहतो. आधी त्याच्याकडे जायचो तेव्हा नातवाला त्याची खोली रिकामी करायला लागायची, सूनबाई सकाळी सात वाजल्यापासून मीटिंगमध्ये आणि मी पलीकडे ओट्याशी कुकर लावू की नको अशी उभी. सगळी माणसं चांगली आहेत, कुणाचीच तक्रार नाही, पण आठवडा झाला की प्रत्येकालाच जरा अवघडल्यासारखं होतं आणि कोणी बोलत नाही. त्यांच्या सोसायटीच्या नियमात ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर लावता येत नाही, त्यामुळे आम्ही लेक जॉर्जटाउन ह्या तळ्यावरच्या जिम हॉग पार्कला उतरतो. हे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं कॅम्पग्राउंड आहे, तळं समोर, वीज-पाणी साइटवर, आणि सीनिअर पास असेल तर भाडं अर्धं. हा पास ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी काढा, वय ६२ पूर्ण असलं पाहिजे आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असलं पाहिजे, ८० डॉलरात आयुष्यभराचा मिळतो, नॅशनल पार्कचा प्रवेशही त्यातच होतो.

आता शुक्रवारी संध्याकाळी नातू त्याची उशी बगलेत मारून आमच्याकडे येतो. डायनेटचं, म्हणजे आतल्या जेवायच्या कोपऱ्यातलं, टेबल खाली पाडलं, त्यावर बाकांच्या गाद्या सरकवल्या की त्याचा पलंग तयार, आणि ते टेबल पाडायचा मान त्याचा, आजोबांनी हात लावलेला चालत नाही. शनिवारी सकाळी थालीपिठं होतात. इथे एक सांगते, साइटवर ३० अँपचं हुकअप (वीजजोडणी) असलं तर सगळं मिळून ३६०० वॉट. एसी चालू असताना इंडक्शन फुलवर ठेवला आणि कोणी मायक्रोवेव्ह दाबला की ब्रेकर पडलाच. म्हणून थालीपीठ-फोडणी मी बाहेर, अंगणातल्या टेबलावर छोट्या गॅसवर करते. आत वासही राहत नाही. सूनबाई रविवारी कॉफी घेऊन येते, तासभर तळ्याकडे बघत बसते, आणि आमच्या दोघींच्या एवढ्या गप्पा त्यांच्या घरात कधी झाल्या नव्हत्या.

चला, आता तुम्ही लिहा.

*

मस्त धागा ताई. आम्ही विस्कॉन्सिनचे, आणि आमच्यासाठी आरव्ही म्हणजे सायकलींचा तळ. ट्रेलर एका जागी लावायचा आणि आजूबाजूच्या जुन्या रेल्वेलाइन पिंजून काढायच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून त्यावर सायकलचे रस्ते केलेत, आणि आपल्या वयाला हे रस्ते फार मानवतात कारण आगगाडीला चढ झेपत नसे, त्यामुळे चढ असला तरी अगदी सौम्य. आमच्याकडचा एलरॉय-स्पार्टा हा त्यातला फार जुना, ३२ मैलांचा, वाटेत तीन बोगदे. नॉरवॉकजवळचा बोगदा पाऊण मैल लांब आहे, आत सायकल हातात धरून चालायचं, जुलैत बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत स्वेटर लागतो, वरून पाणी ठिबकत असतं, आणि मधोमध पोचलात की दोन्हीकडची तोंडं ठिपक्याएवढी दिसतात. टॉर्च दोघांकडे वेगवेगळा हवा.

पण आमचा जीव जडलाय तो मिझुरीच्या केटी ट्रेलवर. मिझुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेचा हा मार्ग, १९८६च्या पुरात खराब झाला आणि मग कंपनीने सोडूनच दिला. आता सुमारे २४० मैल सलग सायकलचा रस्ता आहे, बारीक चुनखडीची खडी दाबून केलेला, कितीतरी मैल एका बाजूला मिझुरी नदी आणि दुसऱ्या बाजूला उंच कडे. १८०४ साली पश्चिमेच्या शोधाला निघालेले लुईस आणि क्लार्क ह्याच नदीने वर गेले.

एकच गाडी असताना दोघांनी कसं करायचं हे लोक विचारतात, तर आमची पद्धत अशी. मी हिला एका ट्रेलहेडला, म्हणजे ट्रेलवर शिरायच्या जागेला, सोडतो, मग ट्रक घेऊन वीस-पंचवीस मैल पुढच्या ट्रेलहेडला जातो, तिथे ट्रक लावून तिच्या दिशेने सायकल मारत निघतो. मध्ये कुठेतरी आम्ही समोरासमोर येतो, तिथे बसून डबा खायचा, मग ती पुढे ट्रककडे, मी मागे तिने जिथून सुरुवात केली तिथे, आणि ती मला घ्यायला येते. किल्ली द्यायची भानगड नको म्हणून दोघांच्या खिशात एकेक असते. आम्हा दोघांचा वेग सारखा नाही, लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली तरी एकत्र सायकल चालवताना कोणीतरी थांबून राहणार आणि कोणीतरी धापा टाकणार हे ठरलेलं होतं. आता प्रत्येक जण आपल्या चालीने येतो आणि वाटेत भेटतो, आणि लांबून तिचं पिवळं जाकीट दिसलं की मला अजूनही बरं वाटतं. हर्मन, जेफरसन सिटी, सेडेलिया इथे अॅमट्रॅक थांबते, सायकलची जागा आधी बुक केली तर परतीला ह्या आगगाडीने येता येतं, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी हाच मार्ग धरावा.

*

मी ठाण्याची, आरव्ही माझी नाही, दादा-वहिनींची. मागच्या खेपेला अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी मला आणि ह्यांना युटात फिरवलं. खरं सांगते, निघायच्या आधी मला फक्त संडासाचीच काळजी होती! तर ते सगळं एका टाकीत साठतं, तिला ब्लॅक टँक म्हणतात, सिंक-आंघोळीचं पाणी दुसऱ्या ग्रे टँकमध्ये. रिकामं करताना आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दादा हातमोजे घालून पाच-दहा मिनिटांत करून यायचा, आत बसलेल्यांना पत्ताही नाही.

तिथलं ब्राइस कॅन्यन ८००० फुटांच्या आसपास आहे, तिथे पाणी साधारण ९२ अंशालाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात लावलेला भात कितीही वेळ ठेवा, कणी राहतेच. वहिनी म्हणून तीन लिटरचा छोटा कुकर कधीच खाली ठेवत नाही. त्या रात्री मुगाची खिचडी, मेतकूट, भाजलेला पापड आणि वर एवढं आभाळ, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. दादा अमेरिकेला गेला तेव्हा मी कॉलेजात होते, तेव्हापासून आमच्या भेटी म्हणजे लग्न, बारसं, नाहीतर आई-बाबांचं आजारपण. नुसतंच चौघं बसलोय, कुणाला कुठे जायचं नाही, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं. परवडत असेल त्यांनी भावंडांना बोलवा. एवढंच सांगायला लिहिलं.

*

मेलबर्नहून लिहितेय. इथे आमच्यासारख्यांना ग्रे नोमॅड (पिकल्या केसांचे भटके) म्हणतात आणि हिवाळा आला की निम्मे जण कॅराव्हॅन घेऊन उत्तरेला पळतात. आमची लेक पर्थला, त्यामुळे आम्ही पश्चिमेला जातो, नलारबॉरच्या ओसाड मैदानावरून. सिडूना ते नॉर्समन साधारण १२०० किलोमीटर, मध्ये मोठं गाव असं नाहीच, रोडहाउस (पेट्रोल आणि खाण्याचे थांबे) येतात तेवढेच. बॅलडोनिया आणि कायगुनाच्या मध्ये १४६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. हे कंटाळवाणं असेल असं सगळे म्हणतात, मला तसं कधीच वाटलं नाही, आम्ही दर तासाला चालक बदलतो, दुसरा जुनी नाट्यगीतं लावतो, आणि बोलायचं राहिलेलं सगळं त्या रस्त्यावर बोलून होतं.

कामाच्या गोष्टी. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला तपासणी असते, ताजी फळं, भाज्या, मध काढून घेतात. येताना तशीच सिडूनाला. त्यामुळे सीमेच्या आदल्या रात्री आमच्याकडे उरलेल्या सगळ्या भाज्यांची मिसळ भाजी होते, आणि पुढच्या टप्प्यासाठी डाळी, कडधान्यं, भाजणी, सुकं खोबरं एवढंच ठेवतो. मोड मात्र वाटेत येतात, मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की गाडीच्या उबेत दुसऱ्या दिवशी तयार. दुसरं म्हणजे रोड ट्रेन, मागून ३० मीटरच्या वर लांबीचा ट्रक ओव्हरटेक करतो तेव्हा कॅराव्हॅन आधी बाजूला ढकलली जाते आणि मग खेचली जाते. रेडिओ चॅनल ४० वर ठेवा, ट्रकवाला आधी बोलतो, आपण वेग थोडा कमी करून त्याला जाऊ द्यायचं. आणि सूर्य मावळायच्या आत थांबा, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात.

जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर ह्याच वाटेवर, समुद्रकाठच्या हेड ऑफ बाइटला नक्की थांबा. कड्यावरच्या लाकडी फळ्यांवरून खाली बघायचं, सदर्न राइट व्हेल पिल्लं घेऊन किनाऱ्याजवळ आलेले असतात. आई पाण्यात नुसती पडून असते आणि पिल्लू तिच्या अंगावरून इकडून तिकडे. आम्ही तिथून लेकीला फोन लावला होता, ती बाळंतपणाला टेकलेली होती, आणि आम्ही दोघं काही न बोलता फोन समुद्राकडे धरून उभे.

*

न्यू जर्सीवाल्यांसाठी महत्त्वाचं. आमची लेक व्हर्जिनियाला, रस्ता बाल्टिमोरवरून. तिथल्या दोन्ही हार्बर बोगद्यांतून प्रोपेनच्या (आरव्हीतल्या गॅसच्या) टाक्या घेऊन जायला बंदी आहे, टाकी बंद केली असली तरी. पूर्वी तिथल्या ‘की ब्रिज’ नावाच्या पुलावरून जायचो, तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला, आता शहराभोवतीच्या ६९५ हायवेच्या पश्चिम बाजूने वळसा घ्यायला लागतो. साधा कारचा जीपीएस सरळ बोगद्यात नेतो, आरव्हीची उंची आणि गॅस टाकून मार्ग काढणारा घ्या. आणि ट्रेलरचे टायर वरून नवे दिसले तरी वय बघा, बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. आमचा एक टायर डेलावेअरच्या अलीकडे हायवेवर फुटला, फ्लोअरखालचा पत्रा फाटला, सुदैवाने कोणाला लागलं नाही. तेव्हापासून दाब दाखवणारा सेन्सर प्रत्येक चाकाला आहे.

*

लिहू की नको असा विचार करत होते. आमचा ट्रेलर आता नाही. हे तीन वर्षांपूर्वी गेले. धाग्यात सगळे "आम्ही" लिहिताय ते वाचून छान वाटलं, म्हणून लिहितेय.

ह्यांचा पहिल्यापासून नियम होता, प्रत्येक काम दोघांना आलं पाहिजे. मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी सकाळी नेऊन माझ्याकडून रिव्हर्स करून घेतला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग खालून धरायचं, मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. हे वाक्य त्यांच्या आवाजात माझ्या डोक्यात आहे. मला जोडणी येत होती, टाक्या येत होत्या, फ्यूज बदलता येत होता. म्हणूनच ते गेल्यावर मी घरात बसून राहिले नाही. मोठा ट्रेलर विकला आणि छोटी व्हॅन घेतली, तिला काही जोडायला नको, आत स्वयंपाक, झोपायला जागा. बहिणीकडे जाते, मुलांकडे जाते, मधल्या रात्री एकटी कॅम्पग्राउंडला उतरते. कॅम्पग्राउंड सांभाळणाऱ्या होस्टच्या साइटजवळची जागा मागते, पोचल्यावर मुलीला मेसेज करते. पहिल्यांदा एकटीने चहा केला तेव्हा सवयीने दोन कप पाणी ठेवलं होतं, ते तसंच उकळू दिलं आणि शेजारच्या साइटवरच्या बाईंना हाक मारली.

माझं एवढंच मागणं आहे की जे नवरे सगळं स्वतःच करतात त्यांनी बायकोला गाडी चालवायला द्या, आणि ज्या बायकांच्या हातातच दोघांच्या गोळ्या-औषधांचा हिशेब आहे त्यांनी तो नवऱ्याला समजावून ठेवा. आजच करा.

*

वरच्या ताईंना नमस्कार. आम्ही घर विकून पूर्णवेळ आरव्हीतच राहतो, पत्ता साउथ डकोटाचा आहे, टपाल तिथून पुढे पाठवलं जातं. औषधांचा विषय निघालाच आहे तर मेडिकेअर, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल सांगतो. ओरिजिनल मेडिकेअर देशात कुठेही, मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे चालतं. अॅडव्हांटेज प्लॅन (खाजगी विमा कंपन्यांमार्फतचं मेडिकेअर) बहुतेक वेळा ठराविक भागातल्या डॉक्टरांच्या नेटवर्कचे असतात, इमर्जन्सी कुठेही कव्हर होते पण साधी फॉलोअप तपासणी परराज्यात अडते. महिनोन्‌महिने फिरणार असाल तर निवडायच्या आधी ह्याचा विचार करा, नंतर बदलणं कित्येक राज्यांत कठीण जातं. प्रिस्क्रिप्शन मोठ्या साखळीच्या फार्मसीत ठेवा म्हणजे पुढच्या गावच्या शाखेत भरून मिळतं.

ताई, थंडीत आम्ही अॅरिझोनाला क्वार्टझसाइटला असतो. सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिट काढून राहता येतं, साइट नेमून दिलेली नसते, वाळवंटात आवडेल तिथे उभं राहायचं. एकट्या व्हॅन घेऊन आलेल्या बायका तिथे भरपूर असतात, एकमेकींच्या शेजारी गाड्या लावतात. वीज-पाण्याचं हुकअप नाही, तेव्हा सोलर आणि पाण्याच्या कॅन लागतील. जानेवारीत यायचं जमत असेल तर मेसेज करा, आम्ही दोघं आहोत, संध्याकाळचं जेवण आमच्याकडे.