मदत हवी आहे : बऱ्हाणपूरच्या जुन्या बागा पायी बघाव्यात की सायकलने?

राम राम मंडळी. थंडीत रावेरहून आईला घेऊन बऱ्हाणपूरला जायचं ठरतंय. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशची राजधानी तीच, त्यामुळे परकं वाटत नाही. शाही किल्ला सगळेच बघतात. मला ओढ आहे ती तापीपलीकडच्या जैनाबादच्या आहूखान्याची. मुघलांची ही शिकारीची बाग. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्याआधी काही महिने तिला इथेच दफन केलं होतं. एवढी मोठी जागा आपल्या इतक्या जवळ, आणि आपल्याकडचे फार कमी लोक तिकडे वळतात, याचं वाईट वाटतं.

किल्ल्याकडून नदी ओलांडून तिकडे सायकलने जाता येतं का, की पुलाचा लांब वळसा पडतो? माझी सायकल साधी आहे, गिअर नाहीत. आई रिक्षाने येईल, पण तिचे गुडघे दुखतात. आत सावलीत टेकायला ओटा, बाक काही आहे का? कुंडी भंडारा, म्हणजे मुघलकाळातली जमिनीखालची पाणीव्यवस्था, त्याच दिवशी बघून उरकेल का? आणि गावात सायकल भाड्याने मिळते का? नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.