गाडी केव्हा बंद पडते, कंबर केव्हा धरते? आपापले अनुभव सांगा

मंडळी, मोटरसायकल वाटेत बंद पडते. आपण ती ढकलत गॅरेजला नेतो आणि सांगतो, "बंद पडते." मग प्लग बदलला जातो, कार्बोरेटर साफ होतो. आठ दिवस गाडी गुणाने चालते आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. इतकी वर्षं गाडी चालवून माझं मत असं झालंय की 'काय झालं' याच्या आधी 'केव्हा झालं' हे विचारायला हवं. इंजिन थंड होतं की तापलेलं? टाकी भरलेली होती की रिझर्व्हला आलेली? चढावर झालं, सिग्नलला की वळताना? सीटचंही तसंच आहे. दुखणं दहा किलोमीटरला सुरू होतं की साठला, माकडहाडाला होतं की मांड्यांना, हे कळल्याशिवाय जेलचं कुशन आणून उपयोग नाही. तेव्हा लिहिताना वेळ आणि जागा जरूर सांगा.

सुरुवात मीच करतो. माझी दीडशे सीसीची कार्बोरेटरवाली गाडी ताम्हिणीच्या रस्त्यावर हमखास दगा द्यायची. पुण्यात टाकी फुल्ल करून निघालो की वीस-पंचवीस मिनिटांत आचके देऊन बंद. पाच मिनिटं उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची. दोन प्लग बदलले, पेट्रोलचा कॉक उघडून पाहिला, फ्लोट नवा घातला. मुळशीच्या पुढे एकदा अशीच बंद पडली, तेव्हा पेट्रोल किती आहे ते बघायला टाकीचं झाकण उघडलं. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली, आणि लगेच एका किकमध्ये गाडी चालू! झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक वाट असते, ती धुळीने बुजली होती. पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी काठोकाठ भरलेली असली की वर हवेला जागाच थोडी, म्हणून ही पोकळी लवकर होते. 'फुल्ल केल्यावरच बंद पडते' हे मी स्वतः वर्षभर बघत होतो, पण कुणाला सांगितलं नव्हतं. झाकणाची वाट हवा मारून मोकळी केली. एक पैसा खर्च आला नाही.

नाशिक, घरपोच डिलिव्हरीचं काम

माझी फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. ती यू-टर्न घेताना बंद पडायची. सरळ रस्त्यावर कधीच नाही. गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदला म्हणाले, आणि तो खर्च मला झेपणारा नव्हता. एका रात्री घरासमोर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. उजवीकडे पूर्ण गेलं की मीटरचा दिवा मिणमिणायचा आणि इंजिन बंद. हेडलाइटमागे वायरींचा जो जुडगा हँडलबरोबर वळतो, त्यातल्या एका वायरीची तांब्याची तार आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत. सोल्डर करून घेतली आणि जुडगा जरा सैल बांधला, म्हणजे ताण येणार नाही.

सीटबद्दल एवढंच सांगतो: मला कुशनने फरक पडला नाही, जाळीच्या कव्हरने पडला. माझं दुखणं हाडाचं नव्हतं, घामाचं होतं. खालून हवा खेळायला लागली आणि पुरळ यायचं थांबलं.

चिपळूण

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या इमारतीखालच्या सगळ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर शेजारच्या एका दादांनी चालू होते का बघू म्हणून बटण दाबलं. एकच 'ठक्' असा आवाज आला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांचं पूर्ण इंजिन खोलावं लागलं. त्यांचा तो चेहरा अजून आठवतो, कारण त्या आठवड्यात माणसांकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं.

माझ्या मामांनी मला फोनवर बजावलं होतं, चावी लावूच नकोस. आधी बॅटरीची वायर काढली. मग प्लग काढला आणि हाताने हळूहळू किक फिरवली. प्लगच्या भोकातून गढूळ पाणी उडालं. ते पूर्ण थांबेपर्यंत फिरवत राहिले. इंजिन ऑइल उतरवलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केले, एअर फिल्टर टाकून दिला, वायरींचे सगळे कनेक्टर सोडवून पंख्याखाली वाळवले. मग स्वस्तातलं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवलं, ते उतरवलं, पुन्हा भरलं, पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा रंग स्वच्छ आला तेव्हा चांगलं ऑइल घातलं. ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढला. चाकांचे बेअरिंग मात्र वाचले नाहीत, दिवाळीच्या आत घरघर करायला लागले.

सीटचा फोम पंधरा दिवस उन्हात ठेवूनही बसलं की पाणी सोडायचा. शेवटी नवाच घातला. पूर नसला तरी कोकणातल्यांनी हे लक्षात ठेवावं: रेक्झिन फाटलं किंवा शिवण उसवली की फोम पावसाळाभर पाणी धरतो, कुजतो आणि दबतो. आता मी रेक्झिनखाली जाड प्लास्टिकचा कागद घालून घेतलाय.

अमरावती

भाऊ, मे महिन्यात दुपारीच बंद पडत असेल आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होत असेल, तर जवळ एक जास्तीचा प्लग ठेवा. गाडी गरम असतानाच इंजिनातल्या प्लगवरची वायरची कॅप काढून हा जास्तीचा प्लग तिला लावा, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा, हात लांब ठेवा आणि किक मारा. आधी पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघून घ्या. माझ्या गाडीत थंड असताना निळी ठिणगी पडायची, गरम झाल्यावर काहीच नाही. इग्निशन कॉइल तापून मरत होती. ती बदलली आणि विषय संपला.

कोल्हापूर

माझी उंची पाच फूट. पाय टेकावेत म्हणून सीट दीड इंच कापून घेतली, आणि तीच चूक झाली. फोम इतका पातळ झाला की चाळीस किलोमीटरनंतर थेट खालच्या पत्र्यावर बसल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या सीटवाल्या काकांनी मला गाडीवर बसवून खडूने खुणा केल्या आणि म्हणाले, "ताई, उंची नाही, रुंदी कापायची होती." सीटच्या पुढच्या भागाच्या कडा निमुळत्या केल्या की मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली जातात. खाली त्यांनी कडक फोम घातला, वर बोटभर मऊ. पुढची बाजू किंचित चढती ठेवली, कारण ती उतरती असली की ब्रेक मारला की माणूस टाकीवर सरकतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. गोव्यापर्यंत जाऊन आले, वाटेत फक्त चहाला थांबले.

सातारा

वडिलांची कंबर गाडीवर बसल्या बसल्या धरायची, अगदी पाच किलोमीटरमध्ये. जेलचं कुशन आणलं, मग मण्यांचं कव्हर आणलं. फरक शून्य. मग एकदा टूलकिटमध्ये तो आकड्यासारखा पाना सापडला आणि मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या, स्प्रिंग कडक-सैल करायच्या खाचा बघितल्या. घरी गॅस सिलिंडर गाडीवरून आणायचो तेव्हा मी शॉक सर्वांत कडक खाचेवर नेले होते आणि ते तसेच राहिले होते. वडिलांचं वजन पंचावन्न किलो, शॉक हलतच नव्हते. ते दुसऱ्या खाचेवर आणले. मागच्या टायरमध्ये पंपावरच्या मुलाने चाळीसची हवा मारली होती, ती पुस्तिकेत दिली होती तेवढी, म्हणजे अठ्ठावीसवर आणली. वडील आता रोज सकाळी शेतावर गाडीनेच जातात. मण्यांचं कव्हर त्यांनी काढू दिलं नाही, ते त्यांना आवडतं.