जुन्या टाटा १२१० बसच्या खिडक्या बदलायच्यात, ॲल्युमिनियम स्लायडिंग की यूपीव्हीसी?

शेतावरची_ताई
नमस्कार मंडळी. एका शाळेची जुनी टाटा १२१० घेतलीय, ७४ सालची. बरीच वर्षं शेडमध्ये होती म्हणून पत्रा अजून धड आहे. (मर्सिडीजचा करार ६९लाच संपला तरी आमचे सासरे तिला मर्सिडीजच म्हणतात, असो.) मुळशीकडे आमचं शेत आहे, तिथे उभी करून दोन माणसांना राहता येईल अशी खोली करायचीय. सीटा काढल्या, खालचा कुजका प्लाय काढला, आता गाडी अडलीय खिडक्यांवर. काचा खडखडतात, निम्म्या जाम आहेत आणि पाऊस आला की खिडकीखाली भिंतीवरून पाणी ओघळतं. ॲल्युमिनियमवाला म्हणतो घराला लावतो तसं टू-ट्रॅक स्लायडिंग बसवून देतो, दीर म्हणतो यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या फ्रेमची खिडकी) लाव, आणि नवऱ्याला ओट्यासमोर दोन खिडक्यांमधला पिलर कापून एकच मोठी काच हवीय. कुणी केलंय का असं काम? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे.

रिबिटवाला
ताई, माझं बस बॉडीचंच काम आहे. काचेची ऑर्डर आत्ता देऊ नका. आधी पाणी येतंय कुठून ते बघा, कारण जुन्या बॉडीत दहातल्या सात वेळा ते खिडकीतून येतच नाही, खिडकीच्या वर जी गटरपट्टी असते तिच्यामागून किंवा छताच्या पत्र्याच्या जोडातून आत शिरतं, पिलरमधून खाली उतरतं आणि खिडकीपाशी बाहेर दिसतं म्हणून शिव्या खिडकीला बसतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा, पण सुरुवात खालून. आधी फक्त खिडकीखालचा पत्रा, मग खिडकीची खालची पट्टी, मग काच, मग गटर, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं पाणी सोडा, घाई नको. वरून सुरू केलंत तर सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

दुसरं, बस आधी लेव्हलला घ्या. एक टायर बसला असला तरी बॉडी पिळते आणि खिडकीचा चौकोन तिरका होतो. जॅक लावून खाली पक्के टेकू द्या, मग प्रत्येक खिडकीचे दोन्ही कर्ण मोजा. एका खिडकीचं माप दुसरीला लागेल असं धरून चालू नका, प्रत्येकीचा पुठ्ठ्याचा फर्मा (खिडकीच्या मापाचा कापलेला नमुना) काढून त्यावर नंबर टाका.

पिलर कापू नका. छत त्याच्यावरच उभं आहे.

कोथरूडचा_पंखा
पण बस जर हलणारच नसेल तर यूपीव्हीसीला काय हरकत आहे? आवाज कमी, डासांची जाळी त्यातच येते, गंजायचा प्रश्न नाही. मी तर तेच लावीन.

रिबिटवाला
@कोथरूडचा_पंखा लावता येतं, नाही असं नाही. पण ती फ्रेम घराच्या जाड भिंतीसाठी असते, बसची भिंत तिच्यापेक्षा बारीक, मग फ्रेम आत नाहीतर बाहेर डोकावते. बाहेर आली की वर कडा तयार होते आणि तिच्यावर पाणी साचतं. शिवाय उन्हात पत्रा तापून फुगतो, यूपीव्हीसी त्याहून जास्त फुगतं, दोन पावसाळ्यांत सीलंट सुटतं. मी म्हणीन बसचंच स्लायडिंग सेक्शन घ्या, आतलं फेल्ट (काच ज्यात सरकते ती मऊ पट्टी) नवं टाका. जुनं फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि खालचा लोखंडी चॅनेल तिथेच सडतो. चॅनेलला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं असतात, ती माती आणि पानाच्या पिंकांनी बुजलेली असणार, शाळेची बस आहे म्हणून पिंक नसेल तर च्युइंगगम असेल 😄

काच टफनच (भट्टीत तापवून मजबूत केलेली) घ्या. साधी काच फुटली तर मोठे धारदार तुकडे पडतात आणि तुम्ही तिथे झोपणार आहात. मात्र टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, म्हणून तर फर्मा. फर्म्यापेक्षा सगळीकडून दोन-दोन मिमी कमी सांगा.

ओरेगॉनकर
मी इकडे अमेरिकेत जीएमसीच्या ४१०४ वर काम केलंय, १९५३ ते ६० मधली बस. तिच्या खिडक्या तिरक्या असतात, लोक त्या काढून आरव्हीच्या (आत राहता येतं अशा गाडीच्या) सरळ खिडक्या लावतात. त्या बसला वेगळी चासीच (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, ॲल्युमिनियमची बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे पिलरला हात लावायची सोय नाही. तुमच्या १२१०ला खाली चासी आहे, पिलर गेला म्हणून बस मोडून पडणार नाही, पण छत दबेल आणि शेजारच्या काचा अडकतील. मोठी काच हवीच असेल तर वर-खाली चौकोनी पाइपची चौकट आधी वेल्ड करून भार दोन्ही बाजूंच्या पिलरवर न्या, मगच मधला कापा. खरं सांगायचं तर पिलर ठेवून दोन अखंड काचा लावल्या तरी ओट्यावरून तेवढंच दिसतं.

आरव्हीच्या खिडक्यांची आयडिया चांगली आहे, बाहेरून फ्रेम, आतून रिंग, स्क्रू आवळले की भिंत मधे चिमटीत. मधे ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). फॅब्रिकेटर करून देऊ शकेल, फक्त भिंतीची जाडी आतल्या प्लायसकट सांगा. आणि लोखंडी पिलरवर ॲल्युमिनियम थेट ठेवू नका, ओल लागली की ॲल्युमिनियम सडत जातं. मधे टेप किंवा प्रायमरचा जाड थर हवा.

आरटीओ_भक्त
७४ची म्हणजे पन्नाशी उलटली, व्हिंटेज नंबर नाही का मिळणार?

रिबिटवाला
नाही. २०२१चा तो व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा नियम दुचाकी आणि कारसाठी आहे, बस त्यात बसत नाही.

शेतावरची_ताई
पाइपची टेस्ट केली. रिबिटवाले दादा, तुमचंच खरं, खिडकीवर पाणी मारलं तेव्हा दोनच ठिकाणी थेंब आले आणि गटरवर पाइप धरला तर मागच्या तीन पिलरमधून धार. पिलर कापायचा विषय घरात संपलाय. आता गटरला सिलिकॉन भरू का? हार्डवेअरवाल्याकडे आहे, व्हिनेगरसारखा वास येतो ते.

रिबिटवाला
ते अजिबात नको. व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिड, ते पत्र्याला गंज आणतं आणि एकदा लावलं की त्यावर रंगही बसत नाही नि दुसरं सीलंटही. गटरचे रिबिट ड्रिल करून पट्टी पूर्ण काढा, खाली गंज असणारच, तो वायरब्रशने घासा, प्रायमर मारा, वाळू द्या, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची अखंड रेघ आणि नवे रिबिट. पट्टीच्या वरच्या कडेलाही सीलंट फिरवा आणि त्यावर रंग मारा, नाहीतर उन्हाने चिरा पडतात. मे संपायच्या आत उरका, ओल्या पत्र्यावर यातलं काहीच चिकटत नाही. आणि मागचा इमर्जन्सी दरवाजा कपाट लावून बंद करू नका, तो आतून उघडता आला पाहिजे.